साहेबांची काठी

पावसात फुगणाऱ्या, उन्हात भेगाळणाऱ्या काळ्या मातीनं केरबा लोहाराचं वर्कशॉप दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा भिंतीखाली भाऊही गेला. आता सरकारी योजनेतून शेड मंजूर झाली, पण इंजिनिअर साहेबांनी पायाचे काँक्रीटचे खांब तीनच फूट खोल आखले.

"साहेब, मुरूम आठ फुटांवर लागतो."

"मला शिकवतोस? तीन फुटांवर जमीन घट्टच असते!"

केरबाला भांडायचंही बळ उरलं नव्हतं. त्यानं साहेबांची काठी मागून घेतली आणि उन्हानं पडलेल्या भेगेत सोडली. चार फुटांची काठी मुठीसकट गडप झाली.

"अरे, माझी काठी!"

"तीन फुटांवर अडली असेल, साहेब. काढा की हात घालून."

साहेबांनी नकाशात तिनाचे आठ केले. जमलेले लोक हसले. केरबा भेगेकडेच बघत राहिला. भाऊ होता, तेव्हा असं काठी घालून बघायचं सुचलं नव्हतं.