काळ्या कानाचं कोकरू

माणसांना मेंढ्यांची बोली कळायची, त्या काळची ही गोष्ट. सांजेला चंद्री मेंढीचं कोकरू कळपात हरवलं.

"खूण सांगा वहिनी, आत्ता आणतो," राखणदार कुत्रा भुऱ्या ऐटीत म्हणाला.

"पांढरं आहे, एक कान काळा."

रांगेनं बसलेली कोकरं भुऱ्या एका टोकापासून बघत गेला आणि काळ्या कानाचं पहिलंच घेऊन आला. चंद्रीनं हुंगलं. "हे माझं नव्हे."

भुऱ्या पुन्हा त्याच टोकापासून निघाला आणि पुन्हा तेच घेऊन आला.

"काका, मी दमलो," कोकरू कुरकुरलं.

"सारखंच तर आहे! यालाच पाजा," भुऱ्या वैतागला.

"सारखं आहे भाऊजी, पण माझं नाही."

चंद्री स्वतःच हुंगत निघाली आणि शेवटच्या कोकरापाशी थांबली. भुकेलं पोर लगेच आचळाला लागलं. भुऱ्या बघतच राहिला. चिखलात लोळलेलं ते कोकरू कुठूनही पांढरं दिसत नव्हतं.