भिमाक्काची साळुंकी

एका राज्यात मृत्युपत्र कागदावर लिहीत नसत, पाळलेल्या साळुंकीला सांगत. मरणाऱ्याने सगळ्यांना बाहेर पाठवावं, आपल्या हातचं खाणारी साळुंकी जवळ घ्यावी आणि मनातलं बोलावं. साळुंकी तेरा दिवस मुकी राही. चौदाव्या दिवशी ती राजाच्या दरबारात बोले, आणि ती बोलेल तो वारसा. साळुंकी जे ऐकते तेच बोलते, असा त्या लोकांचा विश्वास होता. विश्वास खराच होता. ऐकणारे मात्र तुमच्याआमच्यासारखे होते.

त्या राज्यात भिमाक्का नावाची बाई राहत होती. तिच्या मालकीची चाळीस पायऱ्यांची बारव होती आणि सात गावं तिचं पाणी पीत. भिमाक्काला मूलबाळ नव्हतं. दम्याने ती सात वर्षं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या भावाच्या मुलीने, हौसाने, तिचं सगळं केलं. उशी वर केली, पाठ चोळली, साळुंकीसाठी रोज हरभऱ्याची डाळ भिजवली. मग भिमाक्का गेली. चौदाव्या दिवशी साळुंकी दरबारात आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी बारव माझ्या दिराच्या मुलाला, मानाजीला."

हौसा दरबारातून उठली. घरी आली, डाळीचं भांडं पालथं घातलं आणि आत्याचं नाव घेणं सोडलं.

मानाजीने बारवेला कुलूप लावलं. आठव्या दिवशी पाणी कडू झालं, इतकं की जीभ जड व्हावी. मग मानाजीने कुलूपही काढून टाकलं; कडू पाण्याची राखण कोण करतो! सात गावांच्या बाया दोन कोसांवरून पाणी वाहू लागल्या. अशी बारा वर्षं गेली.

तेराव्या वर्षी हौसाच्या शेजारची कोंडाबाई वारली. तिची साळुंकी दरबारात बोलली, "माझी म्हैस सुनेला द्या... आक्छी!... अगं, दूध उतू चाललंय, बघा कोणीतरी!" सगळा दरबार हसला. हौसा हसली नाही. साळुंकी शिंकसुद्धा गाळत नाही, मग आत्याचा खोकला कुठे गेला? आत्याला तर खोकल्यावाचून चार शब्द बोलता येत नव्हते. त्या दिवशी सगळ्यांचे कान नावाकडे लागले होते. हौसाचेही.

ती तशीच राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या आत्याचं मृत्युपत्र खोटं आहे."

"बारा वर्षं कुठे होतीस?"

"रुसले होते, महाराज. आत्यावर."

राजाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "जुनं मृत्युपत्र उघडायचं तर तीन कामं करावी लागतात. बारवेचं पाणी सात ओंजळी पी. तुझं म्हणणं खोटं असेल तर वाचा जाईल. मग खरी साळुंकी आण. मग तिला या दरबारात बोलतं कर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बारव कायमची मानाजीची."

हौसा तेव्हा पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई. हातात ना तलवार, ना मंत्र. ती "बरं" म्हणाली आणि निघाली. मला तर ती इथेच आवडली.

बारवेवर ती सात ओंजळी पाणी प्यायली. डोळ्यांतून धारा लागल्या, पण वाचा शाबूत राहिली. तेवढ्यात कमानीवरचा खंड्या पक्षी म्हणाला, "बाई, साळुंकी इथेच आहे. मानाजीच्या मांत्रिकाने तिला दगड केलं आणि शेवटच्या पायरीखाली टाकलं. दरबारात बोलली ती पढवलेली दुसरीच."

"खंड्यादादा, बारा वर्षं गप्प का बसलास?"

"कोणी विचारलं नाही. सगळे थुंकतात आणि जातात."

शेवटच्या पायरीवर एक कासव बसलं होतं. ते म्हणालं, "माझ्या पाठीवरचं शेवाळ काढ, मी सरकतो." हौसाने नारळाची करवंटी घेतली आणि तीन दिवस कंबरभर पाण्यात उभी राहून ती पाठ खरवडली. एकदाही कुरकुरली नाही. अंथरुणातल्या माणसाची पाठ सात वर्षं चोळलेले हात होते ते. तिसऱ्या दिवशी कासव सरकलं आणि पायरीखालून दगडाची साळुंकी निघाली.

दरबारात मानाजी मोठ्याने हसला. "काकू गेली, साळुंकी दगड झाली. आता कर तिला बोलतं!" राजपुरोहितांनी मंत्र म्हटले, वैद्यांनी धूप घातला. दगड तो दगडच.

हौसाने पदरातून भिजवलेली डाळ काढली आणि तळहातावर ठेवली. मग ती खोकली. दोन लहान, एक लांब, आणि शेवटी दम लागलेला उसासा. साळुंकीला घास देण्याआधी भिमाक्का अशीच खोकायची.

दगडाला तडा गेला. आतून तसाच खोकला आला. साळुंकीने पंख झाडले, डाळीचा एक दाणा उचलला आणि भिमाक्काच्या आवाजात बोलू लागली.

"ऐक गं... खॉक्... खॉक्... माझी बारव सात गावांची. तिची देखभाल हौसाकडे. ती कोणाला... खॉक्... नाही म्हणणार नाही. पोरगी बाहेर तुझी डाळ भिजवतेय. तिच्यासमोर बोलले तर रडत बसेल, म्हणून तुलाच सांगते. तिला म्हणावं, सात वर्षांत एकदाही माझी उशी खाली राहिली नाही."

हौसा बारा वर्षांचं सगळं तिथेच रडली. राजानेही डोळे पुसले. कोणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं, पण सगळ्यांनी पाहिलं. त्याच घटकेला बारवेचं पाणी गोड झालं.

मांत्रिकाला राज्याबाहेर घालवलं. मानाजीला राजाने एवढंच फर्मावलं की बारा वर्षं बारवेवर उभं राहायचं आणि येईल त्याला पाणी शेंदून द्यायचं. त्या दिवसापासून दरबारात साळुंकी बोलू लागली की राजा म्हणे, "नाव नंतर. आधी आवाज ऐका."

सात गावं पुन्हा बारवेचं पाणी पिऊ लागली. तुमच्या घरचंही असंच गोड राहो. भिमाक्काची साळुंकी हौसाच्या ओसरीवर राहिली. रोज सकाळी ती खोकायची, आणि हौसा आतून म्हणायची, "आले गं आत्या, डाळ घेऊन आले."