जायफळाचं दूध

एका डोंगराळ गावात दोन जावा शेजारी शेजारी राहत होत्या. दोघींच्या अंगणांमध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा होता. थंडीच्या सुट्टीत दोघींची नातवंडं आजोळी आली, की दोन्ही घरं भरून जायची.

पण संध्याकाळ झाली रे झाली, की सगळी पोरं गडगा ओलांडून धाकटीच्या अंगणात पळत. थोरलीची स्वतःची नातवंडंसुद्धा! तिथे चुलीवर काढा उकळत असे आणि पोरांच्या हसण्याला ऊत येई. इकडे थोरलीच्या पोटात दुखू लागे.

धाकटी रोज हाक मारायची, "आक्का, या की! घोटभर घ्या."

"मला पित्त होतं," असं म्हणून थोरली आत निघून जायची.

एकदा तिने नातीला हळूच विचारलं, "मंजुळे, काय घालते गं ती काढ्यात?"

"आलं, गवती चहा आणि गूळ."

"बस्स? एवढंच?"

"आलं मी कुटते. गूळ दादा फोडतो. फोडता फोडता निम्मा खातो!" मंजुळा खुदकन हसली.

थोरलीचा विश्वास बसला नाही. 'लपवतेय काहीतरी ती भवानी,' ती मनात म्हणाली.

सुट्टी सरली. दुसऱ्या दिवशी पहाटेच पोरांना घेऊन बैलगाडी निघणार होती. 'ही शेवटची संध्याकाळ तरी माझ्या अंगणात गाजली पाहिजे,' असं थोरलीने ठरवलं. उन्हं कलायच्या आधीच तिने मोठ्या पातेल्यात दूध आटवायला ठेवलं. बदाम घातले, केशर घातलं.

"आजी, वेलची मी कुटू?" मंजुळाने विचारलं.

"नको, सांडशील! बाहेर बस जा."

मग तिने जायफळ किसायला घेतलं. एरवी ती चिमूटभरच घालायची. तेवढ्यात गडग्यापलीकडून धाकटीचं हसणं ऐकू आलं. थोरलीचा हात थांबेना. 'बघतेच आता, कोण जातं तिकडे!' असं पुटपुटत तिने अख्खं जायफळ किसून टाकलं.

दूध झकास झालं. पोरांनी मिटक्या मारत दोन-दोन पेले संपवले. एकही पोर गडग्याकडे फिरकलं नाही. थोरली पदर सावरून मधोमध बसली.

"हं, आता गाणं कोण म्हणतंय?"

एकाने जांभई दिली. दुसऱ्याची मान तिसऱ्याच्या खांद्यावर कलंडली. दिवेलागणीला सगळी पोरं अंगणात गाढ झोपली होती. थोरलीने हाका मारल्या, हलवलं, गुदगुल्या केल्या. मंजुळाने फक्त कूस बदलली.

पहाटे तशाच पेंगणाऱ्या पोरांना उचलून गाडीत बसवावं लागलं. निरोपाचं बोलणंही झालं नाही. गाडी वळणाआड गेली, तशी धाकटी गडग्यापाशी आली.

"आक्का, काल मी चूल पेटवलीच नाही. म्हटलं, शेवटची संध्याकाळ तुमच्याकडे होऊ दे. मी तर लवकरच निजले; पोरं एवढी पेंगत होती, म्हणजे रात्री खूप हसली असतील ना?"

थोरलीचे डोळे भरून आले.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "तुझीही संध्याकाळ घालवली मी आणि माझीही."

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचा आनंद ओढून आपल्या घरी आणता येत नाही, आपण त्यात जाऊन बसलो, तर तो आपलाही होतो.