उंबराची रोजची डहाळी

सागाच्या वाळक्या पानांवरून घाईने जाणारी खुरे वाजली, चुरचुर, चुरचुर. आणि मग एकाएकी सारे शांत. फार वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज एका म्हाताऱ्या वानराच्या कानांतून कधी गेलाच नाही.

मुलांनो, हा वानर नदीकाठच्या जंगलात, एका मोठ्या उंबरावर आपल्या टोळीबरोबर राहत असे. तो आवाज ऐकला तेव्हा तो तरुण होता. उन्हाळ्याने नदी आटून एकच डोह उरला होता. आईने नुकतेच दूर केलेले चितळाचे एक पोर भुकेने कासावीस झाले होते. डोहाकाठी थोडे हिरवे गवत होते, म्हणून ते उजाडायच्या आधीच तिकडे धावले. डोहाशेजारच्या करवंदीच्या जाळीत वाघ बसतो, हे त्याला ठाऊक होते. पण रिकामे पोट इतक्या मोठ्याने बोलते की दुसरे काही ऐकूच येत नाही. वानराने वरून ती खुरे ऐकली. मग ती थांबली, आणि पुन्हा वाजली नाहीत.

त्या दिवसापासून वानराने एक रीत धरली. उजाडले की तो पाल्याने भरलेल्या डहाळ्या मोडून उंबराखाली टाकी. वानर खाताना पाला सांडतो आणि चितळे तो वेचतात, हे तर प्रत्येक रानात चालते. पण या डहाळ्या सांडलेल्या नव्हत्या, मुद्दाम टाकलेल्या होत्या. आईपासून सुटलेल्या प्रत्येक पोराला रोज एक, पुढच्या पावसाळ्यात रान हिरवे होईपर्यंत. कोणत्या कळपातला, काल कुठे होतास, असे तो कोणाला विचारत नसे.

एका डहाळीने पोट भरत नसे. बाकीचे पोट पोरांनी हिंडून भरायचे, आणि ती भरतही. पण उद्या सकाळी उंबराखाली काहीतरी असणारच, एवढे ठाऊक असले की त्यांच्या जिवाची धास्ती जात असे. मग दुपारी ती सावलीत बसून निवांत रवंथ करीत. चितळाचे असे असते, मुलांनो, की खाल्लेले अंगी लागायचे तर पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळावे लागते, आणि जीव घाबरा असला की ते जमत नाही. पाणी प्यायला पोरे चांगले ऊन पडल्यावर एकत्र जात. वानर शेंड्यावरून डोहाकडे बघत राही. जाळीत पिवळे काही हलले की त्याने एकच 'खॅक्' करायचे, की सगळी पोरे पसार!

अशी कित्येक वर्षे गेली आणि वानर म्हातारा झाला. यंदाच्या पोरांत एक लंगडे होते. त्याच्या पुढच्या पायात बांबूची काडी घुसली होती. डहाळी मिळू लागल्यावर त्याने धावपळ सोडली, जखमेला आराम दिला, आणि ती हळूहळू भरत आली. त्याच्या शिंगांचे कोंब मखमलीसारख्या लवेने झाकलेले होते. म्हातारा त्याच्याकडे वरून बघत बसे आणि गालातल्या गालात हसे.

एका कोल्ह्याला मात्र हे सुख बघवेना. वाघ खाऊन उठला की उरलेले चघळायचे, यावर त्याचे चाले. डहाळ्यांमुळे पोरे पहाटे डोहावर येत नसत, म्हणून वाघाला शिकार दूरवर शोधावी लागे, आणि कोल्ह्याच्या बरगड्या बाहेर आल्या होत्या. एके दुपारी तो उंबराखाली येऊन बसला आणि टोळीच्या पुढाऱ्याला, हुप्प्याला, हाक मारली.

"रामराम, दादा! झाड पार बोडकं व्हायला आलं की तुमचं."

"उन्हाळा आहे," हुप्प्या म्हणाला.

"उन्हाळा तर दरसालचा. पण बघा तिकडे." कोल्ह्याने सावलीत बसलेल्या पोरांकडे नाक केले. "सकाळी आयतं खायचं, आणि दुपारभर बसून नुसतं तोंड हलवायचं. या वयात पाय हलायला हवेत, तोंड नव्हे. मला आपलं वाईट वाटतं हो, त्यांचंच नुकसान आहे."

हुप्प्याने पाहिले. खरेच, सगळी पोरे बसली होती आणि सगळ्यांची तोंडे हलत होती.

"ती रवंथ करताहेत," म्हातारा वरच्या फांदीवरून सावकाश म्हणाला. "तेव्हाच खाल्लेलं अंगी लागतं त्यांच्या."

"आपण नाही कधी असं बसत," हुप्प्या म्हणाला.

"आपण चितळ नाही, बाबा."

"आजोबांचा जीव मऊ आहे," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "डहाळी बंद करा असं मी कुठं म्हणतो? द्या ना. पण जो कष्टाळू आहे त्याला द्या. पहाटे उठून डोहापर्यंत जाऊन यायचं, खुरांना तिथला काळा चिखल दिसला की डहाळी घ्यायची. पाय कोरडे, तर तोंडही कोरडं. आळशी कोण ते आपोआप कळेल."

टोळीला हे पटले. पाला कमी पडू लागला होता आणि स्वतःच्या पिलांची काळजी प्रत्येकीलाच होती.

"अरे, पहाटे मला डोह दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "वाघ आला तर मी सांगू कसं?"

"आजोबा, तुमच्या राखणीवर ती किती दिवस जगणार?" हुप्प्या म्हणाला. "शिकू देत की त्यांची ती. ठरलं! चिखल दाखवेल त्याला डहाळी."

टोळीत हुप्प्याचा शब्द चाले.

दुसऱ्या दिवशी पोरे अंधारातच उठून धावली. जी धडधाकट होती ती चिखल लावून परत आली. एक पोर रानडुकरांच्या लोळणीत पाय बुडवून आले, तेव्हा टोळीतल्या एका फटकळ वानरीने खाली उतरून त्याचे पाय हुंगले आणि नाक मुरडले. "शी! हा डोहाचा वास का रे? डुकरीण शेजारी बसवलीस तरी फरक कळायचा नाही! चल हो मागं." सगळी टोळी हसली. ते पोर मान खाली घालून उपाशीच परतले.

लंगडे तर अंधारात निघतच नव्हते. त्याचे पाय कोरडे, म्हणून त्याला काही नाही. म्हाताऱ्याने एकदा त्याच्यासाठी पाठीमागून डहाळी टाकली, तर हुप्प्या दात विचकून अंगावर धावून आला. मग लंगडे दिवसभर इकडेतिकडे हिंडू लागले. मिळेल ते उभ्याउभ्या ओरबाडी आणि लगेच पुढे जाई. बसत नसे, रवंथ करत नसे. भरत आलेली जखम पुन्हा उघडली आणि तिच्यावर माशा बसू लागल्या.

बाकीच्यांचेही काही बरे नव्हते. पहाटे धावायचे म्हणून झोप नाही, उद्या चिखलापर्यंत पोचू की नाही या काळजीने दुपारी रवंथ नाही. डहाळी मिळूनही त्यांची पोटे आत गेली. एका सकाळी त्यांतले एक परत आलेच नाही.

"दुसऱ्या रानात गेलं असेल," हुप्प्या म्हणाला. पण म्हणताना त्याने डोहाकडे बघायचे टाळले.

त्याच दुपारी कोल्हा उंबराखालून गेला. म्हाताऱ्याने त्याचे पोट पाहिले. ते गोल झाले होते.

"अहो दादा, पोरं आता कशी तरतरीत दिसतात नाही?" कोल्हा जाता जाता म्हणाला.

त्या संध्याकाळी लंगडे उंबराखाली येऊन उभे राहिले. "आजोबा," त्याने वर पाहत विचारले, "जुना चिखल चालतो का? वाळलेला?"

"नाही रे, पोरा."

"मग उद्या जातो मी डोहावर. सगळ्यांच्या आधी निघेन. हळू चालतो ना, म्हणून."

"जाऊ नकोस."

"मग खाऊ काय?"

पोर पाय ओढत निघून गेले.

म्हाताऱ्याचा डोळा लागला नाही. तांबडे फुटायला अजून वेळ होता, तेवढ्यात खाली पाने वाजली. चुरचुर, चुरचुर. मध्ये एक पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा चुरचुर. घाईने डोहाकडे जाणारी खुरे.

अंधारात वानर झाड सोडत नाही. पडले तर हाडे मोडतात, आणि म्हाताऱ्याच्या बोटांत आता पहिली पकड नव्हती. तरी तो उठला. उंबराच्या टोकाच्या फांदीवरून त्याने पलीकडच्या जांभळीवर उडी घेतली. एक हात सुटला. क्षणभर तो दुसऱ्या हाताने लोंबकळत राहिला, मग पायाने खोड चाचपून वर चढला. खाली खुरे पुढे चालली होती. जांभळीवरून तो अर्जुनाच्या झाडावर गेला. अर्जुनाच्या पुढे उघडा चढाव, आणि चढावाखाली डोह. यापुढे झाड नव्हते.

"पोरा!" त्याने हाक मारली. खुरे थांबली नाहीत. भुकेल्या पोराला हाक ऐकू आली नाही.

तेव्हा म्हाताऱ्याने हाताला लागली ती फांदी धरली, तिच्यावर सगळे अंग टाकले, आणि ती मोडली. कडाड! पाल्याचा भारा पायवाटेवर धपकन पडला.

हा आवाज मात्र पोराला ऐकू आला. कारण तो त्याच्या ओळखीचा होता. रोज सकाळी उंबराखाली व्हायचा, तोच हा आवाज. ते थबकले, वळले, परत आले. पाल्याला तोंड लावता लावता थांबले.

"आजोबा, माझे पाय कोरडे आहेत."

"तुझ्या पायांकडे कोण बघतंय? खा."

पोर खाऊ लागले. आधी बकाबका, मग जरा दमाने. थोड्या वेळाने त्याने तोंड वर केले. नाकपुड्या फुगल्या, कान डोहाकडे वळले. इतके दिवस हवेत असलेला वास त्याला आत्ता आला. त्याच्या पाठीवरचे केस ताठ झाले. "आजोबा," ते अगदी हळू म्हणाले, "तिथं आहे तो."

"हलू नकोस. उजाडू दे."

पूर्वेला हळूहळू फिके झाले. करवंदीच्या जाळीत पिवळेकाळे अंग दबा धरून बसलेले दिसले. आणि जाळीमागे, थोडे अंतर ठेवून, कोल्हा बसला होता. जेवणावळीला लवकर आलेल्या पाहुण्यासारखा, पुढचे पाय जुळवून, वाट बघत.

म्हाताऱ्याने सगळा जीव एकवटून आरोळी दिली, "खॅक्! खॅक्!" पोर तीन पायांवर उड्या घेत मागे पळाले. उंबरावर एकच गलका उडाला. हुप्प्या शेंड्यावर चढला आणि त्यानेही पाहिले. शिकार हुकल्याचे पाहून वाघ उठला, अंग ताणून झाडीत निघून गेला. कोल्हा तेवढा उघड्यावर राहिला. इतक्या डोळ्यांपुढे त्याला काही सुचेना.

"मी आपला... पाणी प्यायला आलो होतो, दादा," तो ओरडला.

"कोरड्या तोंडानं?" फटकळ वानरी म्हणाली. "पाय दाखव की! चिखल दिसत नाही तो!"

हुप्प्या हसला नाही. तो बराच वेळ डोहाकाठच्या चिखलाकडे बघत होता. परत न आलेल्या पोराची खुरे तिथे उमटली असतील, हे त्याच्या मनात आले असावे. मग तो उंबराच्या खालच्या फांदीवर उतरला, आणि त्या सकाळच्या डहाळ्या त्याने स्वतः मोडून टाकल्या. चिखलाचे पाय असलेल्यांना आणि कोरड्या पायांच्यांनाही.

म्हातारा जांभळीवरून परतला तेव्हा हुप्प्याने त्याला हात देऊन वर घेतले. "आजोबा, पाला पुरेल का पावसापर्यंत?"

"झाड थोडं बोडकं होईल. पुन्हा फुटतं ते."

पाला पुरला, पण ओढून ताणून. वानरांनाही काही दिवस उंबराची साल चघळून काढावे लागले. लंगड्याची जखम मात्र भरली. ते पुन्हा दुपारी बसू लागले, तोंड हलवू लागले. आता कोणी नाव ठेवत नव्हते. अंगात बळ आल्यावर ते टेकडीपलीकडे हिंडून आले आणि तिथल्या ओढ्यात त्याने हिरवे शोधले. पुढच्या खेपेला लोळणीत पाय बुडवणाऱ्या त्या पोरालाही ते आपल्याबरोबर घेऊन गेले. आणि डहाळीची गरज संपल्यावर त्याने उंबराखाली येणेच सोडले.

पुढच्या साली पहिला पाऊस पडला, रान अजून हिरवे व्हायचे होते, तेव्हा एका सकाळी एक देखणा चितळ उंबराखाली आला. शिंगांवरची लव गळून ती टोकदार झाली होती. पुढच्या पायावर जुना पांढरा वण होता. म्हाताऱ्याला आता नीट दिसत नव्हते, हुप्प्याने त्याला सांगितले, "आजोबा, तुमचा लंगडा आलाय."

चितळाने वर पाहिले. झाडाखाली त्या साली आईपासून सुटलेली नवी पोरे डहाळ्या खात होती. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा म्हाताऱ्याकडे.

"अरे, काहीतरी बोल की! जीव वाचवलाय त्यांनी तुझा," हुप्प्या म्हणाला.

"असू दे," म्हातारा म्हणाला.

चितळ वळला आणि काही न बोलता निघाला. म्हाताऱ्याने डोळे मिटून कान दिले. ओल्या पानांवर खुरे सावकाश, एकेक करून पडत होती. घाई नव्हती, ओढलेला पाय नव्हता. ती मध्येच थांबली नाहीत. दूर दूर जात राहिली, आणि फार लांब गेल्यावरच ऐकू येईनाशी झाली.

तात्पर्य : कोवळ्या वयात उद्याच्या घासाची खात्री असली की अंग धरते, डोके शांत राहते आणि पाऊल जपून पडते; पण तोच घास अटीला टांगला की त्याचा सापळा होतो.