सावरीखालची गोजरा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नका, सांगणाऱ्यांचंच त्यावर एकमत नाही, शेरवाडीच्या खालच्या टोकाला गोजरा नावाची बाई राहत होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. होत्या त्या चार कोंबड्या आणि अंगणात काटेरी खोडाची एक उंच सावर. अंडी विकून तिचं तेल-मीठ चालायचं. बाई मुलखाची भांबावलेली. चुलीवर ठेवलेलं पाणी भाताचं की आंघोळीचं, हे तिला उकळी आल्यावरही आठवत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी माघात गावात घारीने उच्छाद मांडला. दिवसाढवळ्या यायची आणि कोंबडीच्या पंखाखालून पिलू उचलून न्यायची. बायकांनी डबे बडवले, अंगणावर फाटकी जाळी पसरली, कुणी मेलेला कावळा काठीला टांगून ठेवला. घार कशालाच भीक घालेना. निम्मी पिलं गेली. उरलेली डालग्याखाली कोंडून घातली, तर ती तिथंच सुकायला लागली.

गोजराच्या अंगणात मात्र नऊच्या नऊ पिलं मजेत उकिरडा उकरत होती. आणि वर, त्याच सावरीच्या शेंड्यावर, घारीचं घरटं!

गाव चक्रावलं. दादू पाटील चार माणसं घेऊन तिच्या दारात आला.

"गोजराक्का, खरं सांग. घारीला काय चारतीस?"

"मी? मलाच धड मिळंना, पाटील. तिला काय चारू?"

"मग तुझी पिलं का उचलत न्हाई ती?"

गोजराने वर बघितलं, मग पिलांकडे बघितलं. "मलाबी उमगंना झालंय वो."

खरंच तिला उमगलं नव्हतं. पण पाटलाला ते सोंग वाटलं. घार हिनेच पाळली आणि आपल्यावर सोडली, अशी त्याची खात्री झाली. त्याने कुऱ्हाड आणवली आणि तिच्या उंबऱ्याशी टाकली. "उद्या दिवस मावळायच्या आत झाड तोड, न्हाईतर गाव सोड."

 या वयात गोजराने जायचं कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कुऱ्हाड घेऊन सावरीखाली उभी राहिली. घाव घालणार, एवढ्यात घार घरट्यातून उठली. खाली पिलं उघड्यावर चरत होती. घारीने मान वळवूनही पाहिलं नाही. ती सरळ नदीकडे गेली, उंदीर घेऊन आली, पुन्हा गेली. गोजरा दुपारपर्यंत तशीच बघत राहिली. घार आपल्या दारात शिकार का करत नाही, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. एवढंच कळलं, की या अंगणाकडे ती बघत नाही.

मग तिने कुऱ्हाड टाकली आणि घरोघर फिरली. "तुमची पिलं माझ्या अंगणात आणून सोडा गं."

बायका आधी हसल्या. पण शेजारच्या चंद्राक्काची सहा पिलं डालग्याखाली माना टाकायला लागली होती. तिने ती आणली. मग दुसरीने आणली, तिसरीने आणली. कुणाचं पिलू कोणतं ते कळेना आणि भांडणं लागली, तेव्हा गोजराने एका घरची पिलं हळदीने रंगवली, एकाची कुंकवाने, एकाची निळीने. दिवस मावळायला पाटील आला, तर अंगणात नुसती रंगपंचमी! घार त्यांच्यावरून सात वेळा गेली, पण तिची सावलीसुद्धा एका पिलावर पडली नाही, असं म्हणतात.  पाटील गुपचूप कुऱ्हाड उचलून घरी गेला आणि स्वतःची पिलं टोपलीत घालून घेऊन आला.

पुढे गावात वाद पेटला. कुणी म्हणे ही रंगांची करामत, कुणी म्हणे झाडाची, कुणी म्हणे घारीनेच गोजराला बहीण मानलंय. तोडगा निघाला नाही, पण दरवर्षी पिलं गोजराच्याच अंगणात येत राहिली. आणि एका वर्षी घार आलीच नाही. घरटं रिकामं, आभाळात परकी घार घिरट्या घालतेय, आणि अंगणात सगळ्या गावाची पिलं. गोजरा घाबरून सावरीखाली जाऊन बसली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, सबंध महिना, डोक्यावर पदर घेऊन. तहान लागली तरी उठेना. परकी घार खाली उतरायची, बाई दिसली की वर जायची. एकही पिलू गेलं नाही.

"काय मंत्र घातलास गं?" चंद्राक्काने विचारलं.

"मंत्र कुठला, बाई? काय करावं ते सुचंना, म्हणून बसले."

ते ऐकून चंद्राक्काला रडू आलं. का आलं, ते तिलाही सांगता येईना.

गोजरा जाऊन किती काळ लोटला. शेरवाडीत अजून माघात पिलांना हळद-कुंकू लावतात आणि सावरीखाली सोडतात. नेमकं कशाने पिलं वाचतात हे अजून कुणाला ठाऊक नाही, म्हणून काहीच सोडून देत नाहीत. आणि तिच्या नावाने रोज एका घरची बाई डोक्यावर पदर घेऊन दिवसभर तिथं बसते. त्या दिवशी तिला कुणी काम सांगायचं नाही, तिच्या घरी चूल पेटत नाही, जेवण शेजारणी आणून देतात. पहिला दिवस पाटलांच्या घराचा. तिथं मात्र बाई बसत नाही. घरातला कर्ता पुरुष खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेऊन उन्हात बसतो, आणि सगळं गाव येऊन त्याला बघून जातं.