तीनशेंचा समाज

कुमुदबाई तनपुरे घराच्या ओट्यावर इतिहास आणि समाजशास्त्र शिकवायच्या, तेही एका वेळी एकालाच. समाजशास्त्रात नापास झालेली हर्षाली दोन महिन्यांपासून त्यांच्याकडे येत होती. आता कुठे ती प्रश्न विचारायला लागली होती.

एक दिवस तिचे वडील गावातल्या सगळ्यात मोठ्या क्लासच्या डिग्रसकर सरांनाच घेऊन आले. मुलीला पुन्हा तिकडे घालायचं, असं सरांनी त्यांना पटवलं होतं.

सर ओट्याकडे पाहून हसले. "बाई, समोर एकच पोरगी! मग समाजशास्त्रातला समाज कुठाय? माझ्याकडे तीनशे बसतात."

बाई चिडल्या नाहीत. "हर्षाली, समाज कशाला म्हणायचं?"

"माणसं एकमेकांना ओळखून वागतात, तो समाज. नुसती जमतात, ती गर्दी."

"सर, ही वर्षभर तुमच्याच क्लासात होती. ओळखता ना हिला?"

"म्हणजे काय! न ओळखायला काय झालं?" सर हर्षालीकडे वळले. "काय गं, रोल नंबर काय तुझा?"

मग वडील चपला घालत म्हणाले, "बाई, तुमचं चालू द्या. मी सरांना गर्दीपर्यंत सोडून येतो."