ऊबपरी आणि कुंडाची मूठ

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं बाळांनो? गोड बोलणाऱ्यावर, की ज्याच्या मापात खोट नाही त्याच्यावर? बाजारात सारा जन्म काढला, तरी मला हे ओळखायला वेळ लागतो. दुर्गीला मात्र ते एका सकाळीच कळलं.

काळ्या डोंगराच्या पायथ्याशी, गरम पाण्याच्या कुंडाकाठी, दुर्गी आणि तिची आई राहायच्या. पाहुणे तांदूळ आणत. या दोघी ते फडक्यात बांधून पोटली कुंडात सोडत आणि वाफाळता भात काढून देत. रीत अशी, की दर पोटलीमागे एक मूठ तांदूळ कुंडाला वाहायचे. आईचे गुडघे आखडलेले. कुंडाच्या शेकावरच ती उभी राही. आणि एके दिवशी कुंड गारठलं. ना वाफ, ना बुडबुडा. आईला अंथरुणातून उठवेना.

कुंडाची ऊब डोंगरातून येते, असं आई सांगायची; म्हणून दुर्गीने घरातली शेवटची मूठ ओच्यात बांधली आणि ती डोंगर चढू लागली. धंदा बसेल या धास्तीने कुंडावरचा चहावाला गणबाकाकाही धापा टाकत मागोमाग निघाला.

वर काळ्या दगडाचे खांब उसाच्या मोळीसारखे उभे होते. मधोमध रानफुलांची इवलीशी बाग, आणि बागेत एक गोलमटोल दगड चक्क गुणगुणत होता. दुर्गीने त्याच्यापुढे तांदूळ ठेवले मात्र, दगड टचकन उकलला. आत जांभळे, मोरपंखी, दुधाळ स्फटिक लुकलुकत होते, आणि त्यांच्यात बसली होती करंगळीएवढी परी. घागरा निखाऱ्यांचा, पण विझत आलेला.

"मी ऊबपरी," ती म्हणाली. "फार पूर्वी हा डोंगर गुळाच्या काहिलीसारखा रटरटत होता. थरावर थर ओतला गेला, निवला, काळा झाला. त्यात अडकून राहिलेला एक बुडबुडा म्हणजे माझं घर. डोंगराच्या पोटातली ऊब मी कुंडाला पोचवते, तुमच्या मुठीच्या बळावर. हल्ली मुठीत नुसता कोंडा येतो गं."

आईचे गुडघे धरल्यापासून पाहुण्यांची मूठ वाहायचं काम गणबाकाकाने आपणहून घेतलं होतं. तो आता दगडी खांब फार लक्ष देऊन न्याहाळू लागला.

"काय हवं ते मागा," परी म्हणाली, "पण गरजेपुरतंच. आणि आधी मुठीचा हिशेब खरा सांगा. लबाडी झाली, तर ऊब उतू जाईल."

दुर्गी तोंड उघडते तोच गणबाकाका पुढे सरसावला. आपण एक मूठही चुकवली नाही, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं आणि वर म्हणाला, "दहा कुंडं दे परीताई, मोठं हॉटेल टाकतो."

डोंगर हुंकारला. जमीन थरथरली, भेगाळली, आणि भेगेतून लालभडक, केशरी, सोनेरी रस उसळला. ठिणग्यांच्या फुलबाज्या उडाल्या. रस सरसरत निघाला तो थेट आईच्या झोपडीच्या वाटेला. गणबाकाका एका खांबावर चढून बसला, तो उतरायचं नाव घेईना.

दुर्गी परीकडे वळली. ती म्हणाली, "परीताई, सोमवारी आमच्या घरच्या पोटलीची मूठ मीपण अर्धीच टाकली. भूक लागली होती. ती अर्धी माझ्याकडे बाकी आहे. मला एकच कुंड हवं, आईच्या गुडघ्यांपुरतं आणि पोटल्यांपुरतं."

रस थबकला. त्याच्यावर सायीसारखी सुरकुती धरली, तो काळा पडला आणि निजला. परीचा घागरा मात्र रसरसून फुलला.

"अर्धी मला ठाऊक होती," ती हसून म्हणाली. "तू सांगतेस का, तेवढंच पाहायचं होतं." आणि सोनेरी उजेडाचा झोत होऊन ती कुंडाकडे झेपावली, ती पुन्हा दिसली नाही.

दुर्गी धावत खाली आली. कुंड बुडबुडत होतं, आणि काठावर आई ताठ उभी राहून पोटली बांधत होती. गणबाकाका आता मूठ आधी दुर्गीला उघडून दाखवतो, मगच वाहतो.

तेव्हा बाळांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या हिशेबात कधी मूठ अर्धी पडली, तर अर्धीच सांगा.